थायरॉइडची गाठ: कोणता स्कॅन, कधी?

हल्ली माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या गळ्याला हात लावला तर काहीच लागत नाही. मान दुखते म्हणून एमआरआय काढलेला असतो, त्यात थायरॉइडची गाठ दिसते, आणि घरात कुणाला झोप नाही. आयोडीन पुरेसं मिळतं अशा भागांत हाताला लागणारी गाठ सुमारे ५ टक्के बायकांत आणि १ टक्का पुरुषांत असते. सोनोग्राफीवर शोधत बसलं तर त्याच्या कितीतरी पट माणसांत सापडते. दहापैकी नऊच्या आसपास गाठी निरुपद्रवी असतात.

गाठ कळली की रक्ताची टीएसएच तपासणी (थायरॉइडला काम करायला लावणाऱ्या हार्मोनची) आणि सोनोग्राफी. टीएसएच कमी आलं तरच न्यूक्लिअर स्कॅनचा, म्हणजे किंचित किरणोत्सर्गी द्रव्य देऊन काढलेल्या स्कॅनचा, खरा उपयोग. ते द्रव्य (टेक्नेशियम किंवा आयोडीन) शोषून घेणारी ‘हॉट’ गाठ क्वचितच कॅन्सरची असते. तिला बहुधा सुई लावावी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासावी लागत नाही. उलट ‘कोल्ड’ (द्रव्य न शोषणारी) शब्द वाचून रडणाऱ्यांना सांगतो, कोल्ड गाठीही बहुतेक साध्याच असतात. टीएसएच नॉर्मल असताना हा स्कॅन लिहून देतात, ते मला पटत नाही.

सोनोग्राफीत मात्र गाठीचं रूप दिसतं, तेही किरणोत्सर्गाशिवाय. आतून घट्ट, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळपट, कडा वेड्यावाकड्या, रुंदीपेक्षा उंची जास्त, आत चुन्याचे बारीक ठिपके: या खुणांना गुण देऊन टायरॅड्सची, म्हणजे गाठ किती संशयास्पद आहे याची, श्रेणी ठरते; श्रेणी वरची तितका संशय जास्त. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजची २०१७ची पद्धत सांगतो. पाचव्या श्रेणीत १ सेंटिमीटरपासून सुई, चौथ्या श्रेणीत दीडपासून, तिसरीत अडीचपासून. पाण्याने भरलेल्या किंवा स्पंजसारख्या जाळीदार गाठीला सुई नाहीच. रिपोर्टात नुसतं ‘गाठ आहे’ एवढंच असेल, माप नाही, श्रेणी नाही, तर तो रिपोर्ट अर्धाच आहे. खुशाल परत मागा.

सीटी स्कॅन गाठ साधी की वाईट हे सांगू शकत नाही. गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल, श्वासनलिका दाबत असेल, तेव्हा तो हवा. दुसऱ्या कारणासाठी काढलेल्या पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सर्गी द्रव्य देऊन काढलेल्या स्कॅनमध्ये, थायरॉइडमध्ये अवचित एकच चमकणारी जागा दिसली तर मात्र दुर्लक्ष करू नका. तिथे कॅन्सर निघण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांश आहे.

‘मग सगळ्यांचीच सोनोग्राफी का करत नाही?’ असं एका बाईंनी मला विचारलं. दक्षिण कोरियात तसंच झालं. १९९९ नंतर तपासणीच्या पॅकेजांत ती स्वस्तात मिळू लागली, आणि २०११पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं निदान १९९३च्या पंधरापट झालं. मृत्यू होते तेवढेच राहिले. बहुतेकांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, अनेकांना जन्मभराची गोळी लागली. त्याच काळात जपानमध्ये, कोबेच्या कुमा हॉस्पिटलात, १ सेंटिमीटरपर्यंतचे कमी धोक्याचे पॅपिलरी कॅन्सर (थायरॉइड कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) ऑपरेशन न करता सोनोग्राफीवर नजरेखाली ठेवत होते. दहा वर्षांत ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढ झाली ती सुमारे ८ टक्क्यांत. अशांचं ऑपरेशन मग केलं, तरी चाललं.