मस्टर कोणी लिहायचं?

गोव्यात फोंड्यातल्या एका वाचनालयात संध्याकाळी झालेल्या भाषणाचं हे शब्दांकन.

मंडळी, नमस्कार. माझे वडील उसगावला खाणीवर टायमकीपर होते. त्यांच्याकडे दोन वह्या असायच्या. एक मस्टर, कोण किती वाजता आला आणि गेला त्याचं. दुसरी ट्रकांच्या ट्रिपांची. ट्रक भरून निघाला की एक रेघ, चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. ट्रकवाल्यांना पैसे ट्रिपेवर. रेघा वाढाव्यात म्हणून गाड्या कशा हाकल्या जायच्या, ते इथल्या लोकांना मी काय सांगणार! 2012 साली खाणी बंद पडल्या, वह्या माळ्यावर गेल्या, मी सॉफ्टवेअरमध्ये आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्यापुढे पुन्हा मस्टर आलं. नाव फक्त टाइमशीट.

तुमच्यातले बरेच जण बाहेरच्या क्लायंटचं काम घरून करतात, बिल तासावर लावतात. मग शुक्रवारी संध्याकाळी काय होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. मंगळवारी आपण काय केलं? आठवत नाही. टाका चार तास. जिरामध्ये टास्क एकीकडे, टॉगल किंवा क्लॉकिफायमध्ये तास दुसरीकडे, गिटमध्ये कोड तिसरीकडे, आणि या तिघांची सांगड घालणारा हमाल म्हणजे आपण. (जिरा हे नाव ‘गोजिरा’वरून आलंय, म्हणजे गॉडझिलाचं जपानी नाव. मराठी माणसाला तो राक्षस गोजिरा वाटावा, हा योगायोग मला फार आवडतो.)

हे हमालीचं काम आता एआय असिस्टंटकडे देता येतं, म्हणजे आपण साध्या भाषेत सांगतो ते करणाऱ्या प्रोग्रॅमकडे. पूर्वी प्रत्येक असिस्टंट प्रत्येक टूलला जोडायचा तर दर वेळी वेगळा कोड लिहा. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, ही जोडणीची एकच ठरलेली पद्धत सगळ्यांसाठी खुली केली. मार्च 2025 मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयनेही ती घेतली. तुमच्या टाइम ट्रॅकरच्या दारात एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा, त्याला सर्व्हर म्हणतात. तो असिस्टंटला सांगतो, माझ्याकडे अमुक कामं होतात, त्याला एवढी माहिती लागते. असिस्टंट त्यातलं काम निवडून मागतो, सर्व्हर ते करून उत्तर देतो. निरोप जेसन-आरपीसी नावाच्या एका ठरलेल्या साच्यात जातात. बस्स. जोडणी एका दुपारचं काम आहे. भानगडी नंतर सुरू होतात.

पहिली भानगड घड्याळाची. असिस्टंटचं डोकं म्हणजे भाषेचं मॉडेल, आणि त्याच्याकडे घड्याळ नसतं. बाहेरून कोणी सांगितल्याशिवाय आत्ता किती वाजलेत हे त्याला कळत नाही. ‘हे काम करायला मला किती वेळ लागला?’ असं विचारलंत तर ते बिनदिक्कत ‘दीड तास’ म्हणेल, आणि तो दीड तास हवेतला असेल. म्हणून वेळेची वजाबाकी सर्व्हरनेच करायची. मॉडेलने फक्त ‘सुरू कर’, ‘थांबव’ म्हणायचं. हसू नका, आपलंही तेच आहे. 2025 मध्ये मीटर या संशोधन संस्थेने ओपन सोर्समधल्या 16 अनुभवी डेव्हलपरांना 246 टास्क दिली, काही एआय वापरून, काही न वापरता. एआयमुळे वेळ 24 टक्के वाचेल असा त्यांचा होरा होता. लागला 19 टक्के जास्त. गंमत पुढे आहे, सगळं उरकल्यावरही आपला 20 टक्के वेळ वाचला असंच त्यांना वाटत होतं. थोड्या लोकांवरचा अभ्यास आहे, त्यावरून एआयचा निकाल लावू नये. पण आठवणीतून टाइमशीट भरणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

दुसरी भानगड माझ्या हातून झाली. एका महिन्याची 1 तारीख लागली, तेव्हा मी रात्री साडेबारा ते अडीच काम केलं. असिस्टंटला म्हटलं, दोन तास टाक. त्याने टाकले. सर्व्हर मीच लिहिलेला, वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, पाठवणारा आणि तारीखही त्यावरूनच काढणारा. आपण यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपले साडेबारा तिथे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. माझे दोन तास गेल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेवर जाऊन बसले, आणि त्या महिन्याचं बिल मी आधीच पाठवलं होतं! वर आणखी एक. नेट मध्येच गेलं, उत्तर आलं नाही, असिस्टंटने प्रामाणिकपणे पुन्हा प्रयत्न केला. पहिली नोंद पोचली होतीच. दोनाचे चार झाले. आता प्रत्येक नोंदीला मी स्वतःची एक खूण लावते. तीच खूण पुन्हा आली तर सर्व्हर नवी नोंद करत नाही, जुनीच परत दाखवतो. आणि तारखेबरोबर ‘एशिया/कोलकाता’ हा टाइमझोन आल्याशिवाय तो नोंद घेतच नाही.

सर्व्हरने असिस्टंटला टूल, म्हणजे मागता येणारी कामं, किती द्यायची? हौसेने चाळीस देऊ नका. प्रत्येकाचं वर्णन मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला एका वेळी समोर ठेवता येणाऱ्या मजकुरात, जागा खातं, आणि ‘टास्क बदल’, ‘टास्क सुधार’, ‘टास्क अपडेट’ अशी तीन भावंडं समोर आली की तेही गोंधळतं. माझ्याकडे पाच आहेत: माझी टास्क दाखव, टायमर सुरू, टायमर बंद, दिवसाचा मसुदा कर, मसुदा दाखव. सहावं, ‘नोंद पक्की कर’, मी मुद्दामच दिलेलं नाही.

तसं का, ते सांगते. टास्कच्या वर्णनात कोणीही काहीही लिहू शकतो. क्लायंटचा माणूस लिहील, बाहेरून तक्रार नोंदवणारा लिहील. असिस्टंट तो मजकूर वाचतो, आणि ‘सगळी टास्क बंद कर’ असं त्यात लिहिलेलं असलं तर ती माहिती की हुकूम, हे त्याला दर वेळी ओळखता येईलच असं नाही. यालाच प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, आणि आजतरी त्यावर खात्रीचा उतारा नाही. मग टोकन, म्हणजे टूलमध्ये शिरायची किल्ली, देताना हात आखडता घ्यायचा: वाचायला मोकळीक, लिहायला फक्त मसुदा, पुसायला काहीच नाही.

पण खरं कारण वडिलांचं आहे. त्यांचा मदतनीस वही सुंदर लिहायचा, अक्षर मोत्यासारखं. तरी संध्याकाळी वडील एकेक ओळ बघून मगच खाली सही करत. मी विचारलं, त्यानेच लिहिलंय तर सहीही त्यालाच करू दे ना. म्हणाले, “सय म्हजी, जाल्यार जाप म्हजी.” सही माझी, तर जाबही माझाच. क्लायंटने उद्या विचारलं की गुरुवारचे हे तीन तास कसले, तर असिस्टंट फोनवर येणार नाही.

मसुदा म्हणजे काय, ते माझ्या आजच्या दिवसावरून बघा. गिटमधल्या कमिटांच्या, म्हणजे कोड जमा केल्याच्या नोंदींच्या, वेळा, टायमर आणि टास्क यांची सांगड घालून त्याने लिहिलंय: सकाळी साडेनऊ ते पावणेबारा, लॉगिनचं टास्क. दुपारी दोन ते साडेतीन, कोड रिव्ह्यू. त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह, कारण मी टायमर लावायला विसरले होते आणि त्याने रिव्ह्यूच्या शेऱ्यांवरून अंदाज बांधलाय. अंदाज आहे हे त्याने लिहावं, एवढी अट मी मसुद्यालाच घातली आहे. चार ते सहा मात्र कोरं. त्या वेळी मी पणजीहून बसने इथे येत होते. लॅपटॉप पिशवीत, कमिट नाही, टायमर नाही. आणि फर्मागुडीचा चढ चढताना गाडीने गिअर बदलला, तेव्हा सकाळपासून छळणारा लॉगिनचा बग नेमका कुठे आहे ते माझ्या लक्षात आलं. ती दहा मिनिटं बिलात लिहायची की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. मसुदा उघडाच आहे.