थोडंसं पाणी येते फक्त
(नागपुरात ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेलं व्याख्यान, संपादित)

आपल्याकडे पेसमेकरला पेसमेकर कोणी म्हणत नाही. ‘बाबांना मशीन बसवली’, ‘आईची बॅटरी बदलायची आहे’, असंच म्हणतात. मीही आज मशीनच म्हणणार आहे.

ही मशीन म्हणजे पंचवीस-तीस ग्रॅमची चपटी डबी. बहुतेकदा डाव्या कॉलरबोनखाली, कातडीच्या आत छोटा कप्पा करून तिथे ठेवतात. तिच्यापासून एक किंवा दोन तारा शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला जातात. ठोका लांबला की तारेतून अगदी बारीक विद्युतझटका जातो आणि ठोका पडतो. शरीराच्या आत बसवलेली पहिली मशीन ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन या रुग्णाला बसवली. ती काही तासांतच बंद पडली. पण लार्सन २००१ पर्यंत जगले, ८६ वर्षांचे होऊन गेले. बसवणारे सर्जन ऑके सेनिंग आणि मशीन घडवणारे इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट, दोघेही त्यांच्या आधी गेले. एवढ्या वर्षांत लार्सन यांच्या वीसहून जास्त मशीन बदलाव्या लागल्या. मशीन बदलायची म्हणजे तोच कप्पा पुन्हा उघडायचा, आणि प्रत्येक वेळी जंतू आत शिरण्याचा धोका पहिल्यापेक्षा वाढतो. आज मला याच कप्प्याबद्दल बोलायचं आहे.

उमरेडकडचे एक गुरुजी माझे पेशंट होते. मशीन बसवून सहा वर्षं झाली होती. त्यांचा फोन आला, “डाक्टरसाहेब, थोडंसं पाणी येते फक्त. दुखत तं काही नाही.” त्या दिवशी ओपीडी भरलेली होती. मी फोनवरच गोळ्या सांगितल्या आणि पंधरा दिवसांनी या म्हणालो. ती माझी चूक होती. त्यांना त्याच दिवशी बोलवायला हवं होतं. गोळ्यांनी पाणी थांबलं, पुन्हा सुरू झालं, मग घरच्यांनी हळद लावली. कापूस वेचणीचे दिवस, कोण घेऊन येणार? ते आले तेव्हा दीड महिना उलटला होता. शर्टाचं बटण काढलं. कातडी पिवळी आणि कागदासारखी पातळ झालेली. डबीच्या कोपऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र, आणि त्या छिद्रातून धातू चमकत होता.

असा धातू दिसला की मलमपट्टीचा उपयोग नसतो, नुसत्या अँटिबायोटिकचाही नाही. जंतू डबीला आणि तारांना चिकटून बसतात आणि स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. धातूत रक्त खेळत नाही, त्यामुळे औषध आणि शरीराच्या लढणाऱ्या पेशी त्या थरात नीट पोचतच नाहीत. मग डबी आणि तारा, सगळंच काढावं लागतं. वरून पुन्हा टाके घालून भागत नाही.

डबी काढणं सोपं असतं. खरं अवघड काम तारांचं. नव्या तारा बऱ्याचदा सहज निघतात, पण सहा वर्षांच्या तारेला शिरेने आणि हृदयाने आतून घट्ट धरलेलं असतं. तारेवरून खास नळी सरकवत तिला इंच-इंच मोकळी करावी लागते. शीर किंवा हृदय फाटण्याचा धोका असतो, म्हणून हार्ट सर्जन तयार ठेवावे लागतात. तोवर ठोक्यासाठी तात्पुरती तार. रक्तात जंतू नाहीत याची खात्री झाली की मग उजव्या बाजूला नवी मशीन. गुरुजी यातून बरे झाले, पण त्यांचे काही आठवडे दवाखान्यात गेले आणि मुलाचा कापसाचा हंगाम गेला.

म्हणून सांगतो: मशीनवरची कातडी लाल झाली, तापली, पातळ झाली, डबीची कड वर टोचायला लागली, थेंबभर जरी पाणी आलं, तर मशीन जिथे बसवली तिथे त्याच दिवशी जा. ऑपरेशननंतर पहिल्या दिवसांत सूज येते, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर जास्तच. ते बहुधा साचलेलं रक्त असतं. ‘सुईने काढून टाकतो’ असं कोणी म्हणालं तर हात लावू देऊ नका. सुईबरोबर जंतू आत जातात. कारण न कळणारा ताप वारंवार येत असेल, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की मला मशीन आहे.

आपल्या उन्हाळ्याचंही बघा. पारा पंचेचाळीसवर जातो, घामोळ्या येतात, माणूस खाजवतो. खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा तिथेच घासतो, आणि बायकांच्या आतल्या कपड्याचा पट्टा तर नेमका त्याच जागेवर येतो. जागा कोरडी ठेवा, पट्टा सैल ठेवा. आणि डबी बोटांनी फिरवायची सवय लावू नका. फिरवून फिरवून तार गुंडाळली जाते आणि हृदयातून सुटते.

हाताबद्दल फार भीती आहे. मशीन बसवल्यावर चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, इतकंच. झोळीत बांधून ठेवलात तर खांदा आखडेल. मोबाइल वरच्या खिशात नको, दुसऱ्या कानाला लावा. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट लांब राहा. मिक्सर, टीव्ही खुशाल वापरा. बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते आणि एकाएकी संपत नाही. तपासणीत काही महिने आधी कळतं, पण त्यासाठी तपासणीला यावं लागतं.

एक गोष्ट बोलायला जड जाते, तरी घरच्यांना सांगून ठेवा. अंत्यसंस्काराआधी मशीन काढून घ्यावी लागते. चितेच्या उष्णतेत तिची बॅटरी फुटते. छोटीशी चीर देऊन दवाखान्यातच ती काढता येते. घाटावर गेल्यावर कोणाला आठवत नाही.

आता मी माइक ठेवतो. ज्यांना मशीन आहे त्यांनी बाजूच्या खोलीत या. सिस्टर आहेत, त्यामुळे बायकांनीही संकोच करू नका. मशीनचं कार्ड आणलं असेल तर हातात ठेवा, नसेल तर कोणत्या साली बसवली तेवढं सांगा. मला फक्त ती जागा उजेडात बघायची आहे.