विमानातला पेला आणि हातातले काही तास

श्रोतेहो, नमस्कार.

सुट्ट्यांचा मोसम सुरू झाला की मुंबई विमानतळाच्या टर्मिनल दोनवर रात्री दहा-अकरानंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. मुलाकडे न्यू जर्सीला निघालेले डोंबिवलीचे आजी-आजोबा, आखातात कामावर परत निघालेली रत्नागिरी-चिपळूणकडची मुलं, पहिल्यांदाच परदेशी शिकायला निघालेल्या मुली, आणि त्यांना सोडायला आलेलं अख्खं घर. पासपोर्ट कुठे ठेव, बॅगेचं वजन किती, पोचल्यावर फोन कर, सगळ्या सूचना देऊन होतात. विमानात दारू दिली जाते, तिचं काय करायचं, हे मात्र घरात कुणी बोलत नाही. मी बरीच वर्षं केबिन क्रूमध्ये होते, शेवटची काही वर्षं पर्सर, म्हणजे केबिन क्रूची प्रमुख म्हणून. ते न बोललेलं आज मला बोलायचं आहे. विमानात एखाद्या माणसाची जीभ अचानक जड झाली, मान टाकली गेली, शुद्ध हरपायला लागली, तर ‘जास्त झालीये’ म्हणून त्याला ब्लँकेट पांघरून झोपवू नका. त्या दोन शब्दांनी किती नुकसान होतं, ते मी पाहिलेलं आहे.

आधी नियमांचं थोडं सांगून टाकते. आपल्याकडे देशांतर्गत विमानात दारू मिळत नाही. मुंबई-दिल्ली असो की मुंबई-नागपूर, चहा, कॉफी, ज्यूस, पाणी एवढंच. आंतरराष्ट्रीय विमानात मिळते, बऱ्याच कंपन्यांत तिकिटातच धरलेली असते, आणि फुकट म्हटलं की एरवी मोजून घेणारा माणूसही हात आखडत नाही. ड्यूटी फ्रीमधून घेतलेली स्वतःची बाटली मात्र विमानात उघडायची नसते, ती सीलबंद पिशवीतच राहिली पाहिजे. शेजारचा प्रवासी ती हळूच उघडून ‘घ्या हो, एक घोट’ म्हणाला तर सरळ नाही म्हणा आणि क्रूला सांगा. त्या घोटाचा हिशेब कुणाकडेच नसतो.

हिशेब म्हणते तो अगदी साधा. आम्ही गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, एका कागदावर सीट नंबर लिहून पुढे रेघा ओढायचो. एक पेग, एक रेघ. कुणाला थांबवायचं हे त्यावरून ठरायचं. पण त्या कागदाचा दुसराही उपयोग आहे आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. रेघ एकच आणि माणूस पार गळून गेलेला, असं दिसलं की समजायचं, इथे काहीतरी वेगळं घडलंय.

काय काय घडलेलं असू शकतं? पहिली गोष्ट उंचीची. विमान पस्तीस हजार फुटांवर असलं तरी आतल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. आपलं कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. म्हणजे तुम्ही रात्रभर कळसूबाईच्या माथ्यापेक्षाही विरळ हवेत बसलेले असता. दारू रक्तात काही दुप्पट चढत नाही, तो गैरसमज आहे. पण प्राणवायू कमी, हवा कोरडी आणि त्यात दारू, हे तिन्ही एकत्र आले की शरीरावर ताण पडतो. जर्मनीत कोलोनच्या एरोस्पेस संस्थेत ४८ निरोगी तरुण माणसांवर यासंबंधी प्रयोग झाला, २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. विमानातल्यासारख्या दाबाच्या खोलीत, झोपण्यापूर्वी बियरच्या दोन कॅनइतकी दारू घेऊन झोपलेल्यांच्या रक्तातला प्राणवायू ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि नाडी झोपेतही मिनिटाला ८८च्या घरात राहिली. जमिनीवर, दारू न घेता झोपलेल्यांचा प्राणवायू ९६ टक्के होता आणि नाडी ६४. ही सगळी धडधाकट माणसं होती. सत्तरीच्या, दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णाचं काय होत असेल, याचा विचार मुला-सुनांनी जरूर करावा.

दुसरी गोष्ट झोपेच्या गोळीची. लांबच्या प्रवासात झोप लागावी म्हणून गोळी घ्यायची आणि जेवणाबरोबर आलेली वाइनही घ्यायची, हे मी असंख्य वेळा पाहिलं. बहुतेकांना गोळी आणि वाइन एकत्र घेऊ नये हे ठाऊकच नसतं. सर्दीच्या, अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्याही दारूबरोबर तसाच घात करतात. मग काका मध्यरात्री उठतात, कुठे आहोत ते कळत नाही, टॉयलेट समजून दुसराच दरवाजा चाचपायला लागतात. सकाळी त्यांना त्यातलं काही आठवत नाही. मधुमेही माणसाची साखर उतरली तरी तो असाच लडखडतो, असंच असंबद्ध बोलतो. पक्षाघाताच्या झटक्यातही जीभ अशीच अडखळते. यांतलं काहीही असलं तरी तो माणूस त्या क्षणी आजारी असतो.

आणि तिसरी शक्यता, जिचं नाव घ्यायला सगळे कचरतात. पेल्यात कुणीतरी काहीतरी घातलेलं असणं.

दादरला किंवा सीएसएमटीला गाडीची वाट पाहत उभे राहा. अनोळखी माणसाकडून खाण्यापिण्याचे पदार्थ घेऊ नका, ही सूचना कानावर पडतेच. गुंगीचं औषध घातलेली बिस्किटं, चहा, मग सामान लंपास, हे प्रकार रेल्वे पोलिसांना पुरते माहीत आहेत. विमानात मात्र अशी सूचना होत नाही. तिकीट महाग म्हणून शेजारचा माणूस चांगला, असं आपण धरून चालतो. पण विमानातही दिवे मंद केले जातात, शेजारी अनोळखीच असतो, डोक्यावरच्या कप्प्यात दागिने आणि लॅपटॉप असतात, आणि मध्ये उठून टॉयलेटला गेलेल्या बाईचा पेला तिच्या ट्रेवर तसाच राहतो. त्यात औषधच पाहिजे असंही नाही. कुणाला न सांगता तिच्या संत्र्याच्या रसात व्होडका ओतली, तरी ती भेसळच.

मला एक रात्र सांगायची आहे. लंडनहून मुंबईला येणारं विमान. जेवणं आटोपली होती, केबिनमधले दिवे उतरवले होते. माझी ज्युनिअर सहकारी गॅलीत आली आणि म्हणाली, ‘ताई, बत्तीस-ई आउट झालीये. खूप प्यायलीये.’ मी कागद पाहिला. बत्तीस-ईपुढे एकच रेघ होती, रेड वाइनच्या छोट्या बाटलीची.

जाऊन पाहिलं. पंचविशीची मुलगी, शिक्षण संपवून घरी परतत होती. मान खांद्यावर पडलेली, ओठाच्या कडेला लाळ, डोळे अर्धे उघडे पण नजर कुठेच नाही. नाव विचारलं, तर शब्द तोंडातल्या तोंडात घोळले. एका मुठीत चुरगळलेला पेपर नॅपकिन होता आणि ती मूठ काही सुटत नव्हती. मागच्या सीटवरच्या काकूंनी सांगितलं की तिच्या शेजाऱ्याशी गप्पा चालल्या होत्या, मध्ये ती उठून गेली होती, आल्यावर पेला संपवला आणि अर्ध्या तासात अशी झाली. एवढ्यावरून कुणावर ठपका ठेवता येत नाही, आणि मी तो ठेवतही नाही.

आम्ही तिला गॅलीत आणलं, ब्लँकेट अंथरून कुशीवर झोपवलं, ऑक्सिजन लावला. प्रवाशांमध्ये एक डॉक्टर होत्या. त्यांनी नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या तपासल्या. एका मधुमेही काकांनी आपलं ग्लुकोमीटर दिलं. साखर ठीक होती. मग मी तो पेला शोधायला गेले. ट्रे केव्हाच गोळा झाले होते. ट्रॉल्यांमध्ये शेकडो पेले, एकात एक रचलेले.

उतरायच्या वेळेपर्यंत ती जागी झाली. तिचं पहिलं वाक्य होतं, ‘मॅडम, मी खरंच एकच घेतली होती.’ ते ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली, जणू आम्ही तिची उलटतपासणी घेत होतो. घरच्यांनी तिला विमानतळावरून थेट घरी नेलं, झोपू दिलं, आणि डॉक्टरकडे नेलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. तपासणीत काही निघालं नाही. पुढे तिच्या आईनं आमच्या ऑफिसला पत्र लिहिलं. आभाराचंच होतं. पण त्यात एक ओळ अशी होती की नातेवाइकांत आता बोललं जातं, मुलगी परदेशात जाऊन प्यायला शिकली.

श्रोतेहो, ‘काही निघालं नाही’ याचा अर्थ काही नव्हतंच, असा होत नाही. अशा कामासाठी वापरली जाणारी काही द्रव्यं शरीरातून फार लवकर निघून जातात. जीएचबी नावाचं एक द्रव्य आहे. रंग नाही, किंचित खारट चव, तीही दारूत लपते. त्याचा माग रक्तात साधारण सहा ते आठ तास आणि लघवीत दहा-बारा तास लागतो. त्यानंतर नाही. झोपेच्या आणि गुंगीच्या काही गोळ्यांचा माग लघवीत काही दिवस लागू शकतो, पण तिथेही जितकी लवकर तपासणी तितकं बरं. आता लंडन-मुंबई प्रवास धरा साधारण नऊ तासांचा. जेवणाच्या वेळी पेल्यात काही पडलं असेल, तर विमान उतरेपर्यंतच सहा-सात तास गेलेले असतात. त्यावर इमिग्रेशन, सामानाचा पट्टा, घरापर्यंतची टॅक्सी. घरी जाऊन आंघोळ करून एक झोप काढली की जीएचबीसारख्या द्रव्याचा पुरावा गेला. न्यूयॉर्कहून येणाऱ्या विमानात तर तो बहुधा हवेतच संपतो.

म्हणून मी कळकळीनं सांगते. आपल्यापैकी कुणाला, किंवा शेजारच्या अनोळखी मुलीला असं झालं तर पहिल्यांदा क्रूला बोलवा आणि ‘ही प्यायलीये’ असं म्हणू नका. ‘हिला बरं नाही, हिनं किती घेतलं ते तुमच्याकडे पाहा’ असं म्हणा. पेला, बाटली, त्यातला उरलेला घोट काहीही टाकू देऊ नका. क्रूला तो रिकाम्या स्वच्छ बाटलीत ओतून, झाकण टेपनं बंद करून, वर सीट नंबर आणि वेळ लिहून ठेवायला सांगा. उलटी झाली असेल तर ती पिशवीसुद्धा ठेवा. आपल्याला नको वाटतं, पण प्रयोगशाळेला ती उपयोगी पडते. कॅप्टनना सांगून मुंबईत विमानाच्या दारापाशीच डॉक्टर बोलवायला लावा. आणि त्या व्यक्तीला एकटी सोडू नका. मदत करायला पुढे आलेल्या भल्या गृहस्थाच्या हाती तर मुळीच देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. तिच्याजवळ क्रूमधली बाई बसली पाहिजे.

स्वतः घेणार असाल तर बाटली तुमच्यासमोर उघडून घ्या. उठताना पेला क्रूच्या हाती द्या, परत आल्यावर नवा मागा. नवा पेला मागितला म्हणून कुठलीही चांगली एअर होस्टेस तुमच्यावर रागावणार नाही.

कायद्याबद्दलही लोकांच्या मनात धुकं आहे. हवेत घडलं म्हणजे कुठल्याच पोलिसांचं नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. भारतात नोंदलेल्या विमानात घडलेल्या गुन्ह्याला आपलाच कायदा लागतो, विमान त्या क्षणी कुठल्याही देशावरून उडत असो. इजा करण्याच्या किंवा गुन्हा करण्याच्या हेतूनं कुणाला गुंगीचं वा नशेचं द्रव्य देणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. टर्मिनल दोनला उतरलात तर सहार पोलीस ठाणं जवळ आहे, पण कुणी डोंबिवलीच्या ठाण्यात गेलं तरी ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. तक्रारीत वेळा लिहा. कधी प्यायलं, कधी उठून गेलात, शेवटचं काय आठवतं.

दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्यांसाठी २०१७ पासून डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, कडक नियम आहेत. तोंडी शिवीगाळीला तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी, अंगावर हात टाकला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतणारं काही केलं तर किमान दोन वर्षं. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका दारू प्यायलेल्या प्रवाशानं वृद्ध महिलेच्या अंगावर लघवी केली. ते प्रकरण नीट हाताळलं नाही म्हणून एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला आणि कॅप्टनचा परवाना तीन महिने निलंबित झाला. त्रास देणाऱ्याचं काय करायचं हे आता क्रूला पाठ आहे. ज्याला त्रास झाला, जो स्वतःच सीटवर निपचित पडलाय, त्याच्यासाठी मात्र क्रूच्या हातात फारसं काही नसतं.

माझी मागणी लहान आहे. विमानातल्या औषधांच्या पेटीत लघवीच्या नमुन्यासाठी दोन निर्जंतुक डबे, एक सील आणि वेळ लिहायचा कागद असावा. कुठल्याही केमिस्टकडे असा डबा काही रुपयांत मिळतो. त्या व्यक्तीनं शुद्धीवर येऊन हो म्हटलं, तर नमुना हवेतच घेता येईल. कोर्टात त्याला किती वजन मिळायचं ते वकील पाहतील, पण डॉक्टरांना आणि पोलिसांना धागा तरी मिळेल. आणि मुंबईत तर पुढची सोय दाराशीच आहे. विलेपार्ल्याला महापालिकेचं कूपर रुग्णालय आहे, आणि गुन्ह्यातले नमुने तपासणारी सरकारची न्यायसहायक प्रयोगशाळा कलिन्याला, विमानतळाला जवळजवळ लागूनच. मध्यरात्रीच्या रिकाम्या रस्त्यानं या दोन्ही ठिकाणी पोचायला अर्धा तासही लागू नये.

नमस्कार.