अंश सांगताना छेद सोडू नका

आयोजकांनी मला विषय दिला तो ‘संशोधन समाजापर्यंत कसं न्यावं’ हा. तुमच्यातले निम्म्याहून अधिक जण प्रबंध लिहीत आहेत, तेव्हा विषय तुमच्या कामाचाच आहे. फक्त त्यातल्या ‘समाज’ या शब्दाशी माझं थोडं भांडण आहे. समाज नावाचा एकच एक श्रोता कधी समोर बसलेला नसतो. तुमचा शोधनिबंध तपासणारा परीक्षक असतो, त्यावरून खर्चाचा निर्णय घेणारा अधिकारी असतो, संध्याकाळपर्यंत बातमी द्यायची असलेला पत्रकार असतो आणि ज्यानं तुम्हाला दंडातून रक्त काढू दिलं तो माणूसही असतो. यातला प्रत्येक जण तुमच्या निष्कर्षाचं काहीतरी करणार असतो, आणि प्रत्येकाचं ते ‘काहीतरी’ वेगळं असतं.

अशा वेळी आपल्याला नेहमी एकच सल्ला मिळतो : सोपं करून सांगा. मी तो सल्ला बरीच वर्षं पाळला. आज माझं मत असं आहे की सोप्या भाषेनं फारसं नुकसान होत नाही. सोपं करण्याच्या नावाखाली आपण जे गाळतो, त्यानं होतं. आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी गाळला जातो तो छेद. किती जणांपैकी? कशाच्या तुलनेत? कोणावर पाहिलं? खात्री किती? हे सगळं शोधनिबंधात असतं. तिथून ते सारांशात येताना आक्रसतं, प्रसिद्धिपत्रकात आणखी आक्रसतं आणि मथळ्यात उरतच नाही.

एक घटना जरा तपशिलात सांगतो. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवणाऱ्या समितीनं देशभरातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना तातडीचं पत्र पाठवलं. तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका आधीच्या गोळ्यांच्या तुलनेत दुप्पट होतो, असा इशारा त्यात होता. बातमी दूरचित्रवाणीवर आली, वर्तमानपत्रांत आली. ‘दुप्पट’ हा शब्द ऐकल्यावर कोणती बाई गोळी निर्धास्तपणे घेत राहील? अनेकींनी ती त्याच दिवशी बंद केली.

आता ज्या अभ्यासांवरून हा इशारा दिला गेला, त्यांत काय होतं ते पाहा. जुन्या गोळ्या घेणाऱ्या साधारण ७,००० स्त्रियांमागे एकीला गुठळी होत होती. नव्या गोळ्या घेणाऱ्या ७,००० स्त्रियांमागे दोघींना झाली. एकाचे दोन झाले, म्हणजे दुप्पट हे बरोबरच. समितीनं खोटं काही सांगितलं नव्हतं. पण घरात गोळ्यांचं पाकीट हातात धरून बसलेल्या बाईला ‘दुप्पट’ हा शब्द मिळाला आणि ७,००० हा आकडा मिळाला नाही. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले. त्याआधी काही वर्षं तिथं गर्भपातांचं प्रमाण कमी होत चाललं होतं. यातली सगळ्यात दुःखाची गोष्ट अशी की गरोदरपणात गुठळी होण्याचा धोका त्या गोळ्यांच्या धोक्याहून जास्त असतो. ज्या धोक्याला घाबरून बायकांनी गोळी सोडली, त्याच धोक्याच्या आणखी जवळ त्या गेल्या.

इथं कोणी म्हणेल, मग ‘दुप्पट’ म्हणणंच बंद करू या. मला ते पटत नाही. साथरोगतज्ज्ञाला ते गुणोत्तरच हवं असतं, कारण मूळ प्रमाण जागोजागी वेगळं असलं तरी गुणोत्तराची तुलना करता येते. अधिकाऱ्याला एकूण आकडा लागतो : इतक्या लाख स्त्रिया ही गोळी घेत असतील, तर वर्षाला किती जास्त रुग्ण अपेक्षित धरायचे? आणि त्या बाईला लागतं ते तिच्यासारख्या ७,००० जणींचं चित्र, शिवाय गोळी सोडली तर पुढे काय, याचं उत्तर. माहिती एकाच अभ्यासातली, पण मांडण्या तीन. तिन्ही मांडण्या तुम्ही स्वतः करायला हव्यात. तुम्ही केल्या नाहीत तर दुसरं कोणीतरी करणार, आणि त्याच्याकडे तुमची तक्ते भरलेली फाईल नसणार.

आता माझ्या स्वतःच्या कामातली एक गोष्ट. ती सांगायला मला आजही जड जातं. आमच्या गटानं उंदरांवर एक प्रयोग केला होता. निकाल चांगले होते आणि शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘उंदरांमध्ये’ हा शब्द स्पष्ट होता. मी तेव्हा ज्या संस्थेत होतो तिच्या जनसंपर्क विभागानं प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा तयार करून मला पाठवला. मजकूर छान होता. उंदरांचा उल्लेख तिसऱ्या परिच्छेदात होता, शीर्षकात नव्हता. मी मसुदा वाचला, दोन तांत्रिक शब्द सुधारले आणि परत पाठवला. चार दिवसांनी प्रयोगशाळेत फोन वाजला. पलीकडचा मुलगा तरुण असावा. वडिलांच्या आजाराचं नाव त्यानं घेतलं आणि विचारलं, ‘सर, ते औषध कुठे मिळेल? कितीही लांब असलं तरी मी जाईन.’ असं औषध नाहीच, हे त्याला समजावताना माझ्या लक्षात आलं की मी जे सांगतोय ते माझ्याच निबंधाच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘पण बातमीत तर तसं नव्हतं.’

बरीच वर्षं मी मनातल्या मनात त्या बातमीदाराला दोष देत होतो. मग २०१४ च्या डिसेंबरमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास आला. ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांनी काढलेली ४६२ प्रसिद्धिपत्रकं, त्यामागचे मूळ निबंध आणि त्यांवरून आलेल्या बातम्या, असं तिन्ही त्यात शेजारी ठेवून तपासलं होतं. ४० टक्के प्रसिद्धिपत्रकांमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधाच्या पुढे गेलेला होता. ३३ टक्क्यांमध्ये नुसत्या सहसंबंधाला (दोन गोष्टी सोबत दिसणं) कार्यकारणाचं (एकीमुळे दुसरी घडणं) रूप दिलं होतं. ३६ टक्क्यांमध्ये प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांना लावला होता. आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा आकडा पुढे आहे. प्राण्यांवरून माणसांवर अशी उडी प्रसिद्धिपत्रकातच असेल, तर ८६ टक्के बातम्यांमध्येही ती होती. पत्रकात ती नसेल, तर फक्त १० टक्के बातम्यांमध्ये. म्हणजे अतिशयोक्तीचा मोठा भाग बातमीदाराच्या टेबलावर पोचण्याआधीच, आपल्या आवारात, आपल्या संमतीनं तयार होतो. यावरून कार्यकारणाचा ठाम निष्कर्ष काढता येत नाही, कारण हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. पण माझ्यापुरतं ते पुरेसं होतं. तेव्हापासून प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा मी परीक्षकाच्या शेऱ्यांइतक्या काळजीनं वाचतो, आणि शीर्षकात उंदीर नसेल तर सही करत नाही.

शब्दांचा घोटाळा याहून वेगळा. आपल्या क्षेत्रातला शब्द आणि रोजच्या बोलण्यातला शब्द दिसायला एकच असतो, अर्थ मात्र निराळा असतो. ‘सिग्निफिकंट’ म्हटलं की आपल्याला पी-व्हॅल्यू आठवते, म्हणजे खरा परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगानं येण्याची शक्यता किती हे सांगणारा आकडा; आणि ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी मोठं घडलंय. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं प्रक्रिया केलेलं मांस तंबाखू ज्या गटात आहे त्याच गटात टाकलं. तो गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही. तज्ज्ञाला हे उघड असतं. बाकीच्यांनी ‘मांस आणि सिगारेट सारखेच घातक’ असा अर्थ घेतला तर त्यात त्यांची चूक काय? हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळानं तर शब्दांना आकडेच नेमून दिले आहेत; ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० टक्के किंवा त्याहून जास्त शक्यता. तरीही वाचकांना विचारल्यावर ते त्या शब्दांचा अर्थ त्याहून बराच कमी लावतात, असं आढळलं आहे. उपाय साधा आहे : शब्दाच्या शेजारी आकडा लिहायचा, दर वेळी, प्रत्येक वाक्यात. खुलासा परिशिष्टात ठेवला तर तो कोणी उघडत नाही.

आता अनिश्चिततेबद्दल. तरुण संशोधक मला हटकून विचारतात : ‘आम्हाला खात्री नाही असं सांगितलं तर लोकांचा विश्वास उडेल ना?’ उत्तरादाखल मी इटलीतल्या लाक्विला शहराचं सांगतो. २००९ च्या सुरुवातीला तिथं महिनोन्‌महिने भूकंपाचे लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरलेले होते. ३१ मार्चला भूकंपतज्ज्ञ आणि सरकारी अधिकारी यांची बैठक झाली. मोठा भूकंप कधी येईल हे सांगता येत नाही, आणि तो येणारच नाही असंही म्हणता येत नाही, ही तज्ज्ञांची भूमिका शास्त्राला धरून होती. पण लोकांच्या कानावर पडलं ते वेगळंच. बैठकीआधी एका अधिकाऱ्यानं कॅमेऱ्यासमोर सांगितलं की धोका नाही, उलट लहान धक्क्यांमधून ऊर्जा बाहेर पडते आहे, तेव्हा स्थिती अनुकूलच आहे. याला शास्त्रात आधार नव्हता. ६ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि ३०० हून अधिक माणसं गेली. धक्का बसला की घर सोडून उघड्यावर रात्र काढायची, ही त्या भागातली जुनी रीत. त्या आश्वासनावर विसंबून आमची माणसं घरातच थांबली, असं काही नातेवाइकांनी पुढे न्यायालयात सांगितलं.

२०१२ मध्ये सहा तज्ज्ञ आणि तो अधिकारी अशा सात जणांना प्रत्येकी सहा वर्षांची शिक्षा झाली. जगभरातून ओरड झाली की भूकंपाचं भाकीत केलं नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकत आहेत. २०१४ मध्ये अपिलात सहा तज्ज्ञ निर्दोष सुटले आणि त्या अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली. मला यातला खटल्याचा भाग तितका महत्त्वाचा वाटत नाही. मला राहून राहून त्या आठवड्याचा विचार येतो. ‘आम्हाला सांगता येत नाही, तुमची जुनी सवय सोडू नका’ हे वाक्य कोणालाही समजलं असतं. त्यात शास्त्राची कुठे तडजोडही नव्हती. ते तज्ज्ञांपैकी कोणीतरी लोकांसमोर उभं राहून म्हणायला हवं होतं.

त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना मी एक काम सक्तीनं करायला लावतो. निबंध स्वीकारला गेला की सारांशाच्या आधी एक पान लिहायचं : या अभ्यासावरून काय म्हणता येत नाही. कुठल्या वयाच्या लोकांबद्दल, किती काळापुढचं, कोणत्या परिस्थितीत. पुढे पोस्टर करा, तीन मिनिटांचं भाषण करा, अधिकाऱ्यासाठी टिपण करा, ते पान समोर ठेवायचं आणि त्यातलं निदान एक वाक्य प्रत्येक मांडणीत जायलाच हवं. अधिकाऱ्याच्या टिपणात तर ते पहिल्या अर्ध्या पानातच हवं, कारण बहुतेकदा तेवढंच वाचलं जातं.

शेवटचा श्रोता म्हणजे अभ्यासात भाग घेतलेली माणसं. त्यांना आपण संमतिपत्रावर सही करण्यापुरतं भेटतो आणि मग विसरतो. एका अभ्यासानंतर आम्ही सहभागी लोकांना बोलावून निकाल सांगितले. मी आलेख दाखवला. उपचार गटाची सरासरी खाली आली होती. मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या आणि म्हणाल्या, ‘तुमची रेघ खाली गेली, पण माझं दुखणं तसंच आहे. म्हणजे मी नीट केलं नाही का?’

वर्षभर त्या ठरल्या वेळी येत होत्या, एकही फेरी त्यांनी चुकवली नव्हती. आणि माझ्या आलेखानं त्यांना असं वाटायला लावलं की चूक त्यांची आहे. त्या रात्री मी तो आलेख पुन्हा काढला. सरासरीची रेघ फिकट केली आणि प्रत्येक व्यक्तीसाठी एक ठिपका दिला. काही ठिपके बरेच खाली होते, काही जागच्या जागी, काही थोडे वरही गेलेले. पुढच्या आठवड्यात तो कागद घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जागच्या जागी राहिलेल्या ठिपक्यांवर बोट ठेवून ते मोजले आणि म्हणाल्या, ‘एवढे जण आहेत होय माझ्यासारखे!’ मग त्यांनी विचारलं, ‘यांना का नाही गुण आला, ते शोधणार का आता?’

आमच्या पुढच्या अभ्यासाचा प्रश्न तोच होता.