रोहिणीतली गुठळी: औषध निवडण्याआधी गुठळीचा उगम शोधा

रोहिणीत गुठळी झाली की पहिला प्रश्न येतो, ‘यावर सगळ्यात चांगली गोळी कोणती?’ तो प्रश्न थोडा बाजूला ठेवू. आधी विचारायचं ते हे, की गुठळी तयार झाली कुठे?

दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणा. दोघांचाही पाय अचानक थंड पडला, पांढुरका झाला, घोट्याजवळची नाडी लागेना. एकाच्या पायाच्याच रोहिणीत वर्षानुवर्षं चरबीचा थर साचत होता, तो फाटला आणि त्यावर गुठळी धरली. दुसऱ्याच्या हृदयाचे ठोके अनियमित आहेत. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला जी छोटी पिशवी असते तिथे रक्त साकळलं, गुठळी झाली आणि प्रवाहाबरोबर पायात येऊन अडकली. पहिल्या काही तासांत दोघांनाही शिरेतून हेपॅरिन हे गुठळी वाढू न देणारं औषध मिळेल आणि रोहिणी मोकळी करण्याची धावपळ होईल, कारण रक्ताविना पायाचे स्नायू साधारण सहा तासच तग धरतात. घरी जाताना मात्र दोघांच्या हातातली चिठ्ठी वेगळी असली पाहिजे. ती एकच निघाली तर कुठेतरी चुकलंय.

याचं कारण गुठळीच्या घडणीत आहे. अरुंद रोहिणीतून रक्त जोरात वाहतं. फाटलेल्या थरावर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या छोट्या पेशी, चिकटतात, एकमेकींना बोलावतात आणि थप्पी लागते. इथे प्लेटलेटना आवरणारी औषधं लागतात: अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल, टिकाग्रेलॉर. रक्त संथ असतं तिथे फायब्रिन या प्रथिनाचे धागे विणले जातात आणि त्यांत लाल पेशी अडकतात. ते विणकाम थांबवायला वॉरफरिन, अ‍ॅपिक्सॅबॅन, रिव्हरोक्सॅबॅन किंवा डॅबिगॅट्रान हवं. ठोके अनियमित असलेल्या माणसाला ‘सौम्य म्हणून’ नुसतं अ‍ॅस्पिरिन देण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यातून पक्षाघातापासून संरक्षण फारसं मिळत नाही, रक्तस्रावाचा धोका मात्र पत्करावा लागतो.

हृदयविकाराचा झटका आला की अ‍ॅस्पिरिन सुमारे ३०० मिलिग्रॅम, चावून घ्यायचं. गिळलं तर असर व्हायला उशीर लागतो. पुढे रोज ७५ ते १०० पुरे, जास्त घेतल्याने फायदा वाढत नाही, जठर मात्र सोलतं. एका डोसने बंद पडलेली प्लेटलेट मरेपर्यंत बंदच राहते, म्हणजे सात ते दहा दिवस. गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन आधी घेतलं, तर ते अ‍ॅस्पिरिनची जागा अडवून बसतं. साधं अ‍ॅस्पिरिन घेतल्यावर निदान अर्धा तास थांबून मगच वेदनाशामक घ्यावं. शक्य असेल तर ते टाळावंच, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव वाढवतात.

झटक्यानंतर किंवा स्टेंट (रोहिणी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यावर अ‍ॅस्पिरिनला जोडीदार लागतो, आणि खरी निवड इथे आहे. क्लोपिडोग्रेल, पहिला डोस ३०० ते ६०० मिलिग्रॅम आणि मग रोज ७५, हे यकृतात जाऊन सक्रिय होतं. ते काम करणारं एन्झाइम काही लोकांत जन्मतः मंद असतं. आशियाई वंशाच्या लोकांत असे बरेच सापडतात. आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल त्याच एन्झाइमला अडवतं, म्हणून जठरासाठी पँटोप्राझोल बरं. प्रासुग्रेल जास्त जोरकस आहे: पहिला डोस ६०, मग रोज १०, वजन ६० किलोच्या खाली असेल तर ५. पूर्वी पक्षाघात किंवा त्याचा छोटा झटका येऊन गेला असेल तर प्रासुग्रेल द्यायचंच नाही. टिकाग्रेलॉर १८०, मग ९० दिवसातून दोनदा. त्याने सातांतल्या एकाला धाप लागल्यासारखं वाटतं. फुप्फुसं ठीक असतात, पण रुग्ण घाबरून गोळी बंद करतो आणि स्टेंटमध्ये गुठळी होते. म्हणून ही धाप आधीच सांगून ठेवावी. शिवाय जो सकाळचीच गोळी विसरतो, त्याला दोन वेळची देण्यात शहाणपण नाही.

जोडी झटक्यानंतर सहसा १२ महिने चालते, झटका नसताना बसवलेल्या स्टेंटला सहसा सहा. आधी जठरातून रक्तस्राव झालेला असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, मूत्रपिंड थकलेलं असेल, तर हा काळ एक ते तीन महिन्यांवर आणता येतो. सौम्य पक्षाघातात, मेंदूत रक्तस्राव नाही हे स्कॅनवर पाहून, चोवीस तासांच्या आत जोडी सुरू करतात आणि साधारण २१ दिवसांनी एक औषध काढतात. ते काढायचं राहून गेलं, तर महिन्यांनी रक्तस्राव घेऊन रुग्ण परत येतो.

उगम हृदयात असेल, तर आज बहुतेकांना वॉरफरिनपेक्षा नव्या गोळ्या, म्हणजे वर आलेल्या बाकीच्या तीन, सोयीच्या. रिव्हरोक्सॅबॅन २० मिलिग्रॅम जेवणाबरोबरच घ्यायचं, उपाशीपोटी ते पुरेसं शोषलं जात नाही. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडायची नाही, आठवड्याच्या डब्यात भरून ठेवायची नाही. ती ओल धरते. अ‍ॅपिक्सॅबॅन ५ दोनदा, २.५ वर यायला वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्तचाचणी) १.५ किंवा जास्त, यांतल्या दोन अटी हव्यात. केवळ ‘म्हातारे आहेत’ म्हणून अर्धा डोस देणं म्हणजे अर्धवट उपचार.

धातूची कृत्रिम झडप असेल तर मात्र वॉरफरिनच. २०१२ साली डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने थांबवावी लागली. संधिवातज्वराने अरुंद झालेल्या मायट्रल झडपेतही २०२२च्या मोठ्या चाचणीत रिव्हरोक्सॅबॅनपेक्षा वॉरफरिनच सरस ठरलं. फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांमुळे, म्हणजे शरीराने स्वतःविरुद्धच बनवलेल्या प्रथिनांमुळे, रोहिणीत गुठळ्या होतात, तिथेही तेच. वॉरफरिन चालू असताना अनियमित ठोक्यांसाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, २ ते ३ मध्ये ठेवतात.

रिव्हरोक्सॅबॅन २.५ ही गोळी वेगळी गोष्ट. हृदयाच्या किंवा पायाच्या रोहिण्या अरुंद असलेल्यांना ती दिवसातून दोनदा, अ‍ॅस्पिरिनबरोबर देतात. २०१७च्या चाचणीत तिने झटके, पक्षाघात कमी केले, मोठे रक्तस्राव वाढवले. अनियमित ठोक्यांसाठी हा डोस निरुपयोगी आहे. नाव एकच असल्याने घोळ होतो, म्हणून चिठ्ठीवर मिलिग्रॅम वाचल्याशिवाय गोळी घेऊ नका.

स्टेंटही आहे आणि ठोकेही अनियमित, अशा माणसाला तिन्ही औषधं (जोडी आणि एक नवी गोळी) बहुधा आठवडाभर, फार तर महिनाभर. मग अ‍ॅस्पिरिन थांबवून क्लोपिडोग्रेल आणि ती नवी गोळी, आणि वर्षभराने फक्त ती नवी गोळी.

शस्त्रक्रियेआधी टिकाग्रेलॉर तीन ते पाच दिवस, क्लोपिडोग्रेल पाच, प्रासुग्रेल सात दिवस आधी थांबवतात. दात काढायला सहसा काहीच थांबवावं लागत नाही. नवा स्टेंट असेल तर हृदयतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एकही दिवस सोडू नये. अपघातात रुग्णालयात पोचलात, तर औषधाच्या नावाबरोबर शेवटचा डोस किती वाजता घेतला हेही सांगा. वॉरफरिनवर जीवनसत्त्व ‘के’ आणि डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हा उतारा आहे. क्लोपिडोग्रेलला असा उतारा नाही.