‘म्यूज’: ससाण्याच्या पिसांतून आलेला शब्द

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या केन्सिंग्टन, बेलग्रेव्हिया भागात मोठमोठ्या घरांच्या पाठीमागे अरुंद गल्ल्या आहेत. दोन्ही बाजूंना बुटकी, टुमदार घरं. अशा गल्लीला ‘म्यूज’ म्हणतात. आज तिथं घर घ्यायचं तर अफाट पैसा लागतो, पण हा शब्द मुळात ससाण्याचा आहे.

लॅटिनमधल्या ‘बदलणे’ अर्थाच्या क्रियापदातून, फ्रेंचमार्गे, इंग्रजीत ‘म्यू’ आला. अर्थ, ससाण्यानं जुनी पिसं टाकून नवी धरणं. हा काळ मोठा नाजूक असतो, म्हणून इथं जरा थांबू या. पंखांतली मोठी पिसं एकदम गळत नाहीत, एकामागून एक गळतात. वसंतात सुरू झालेलं हे काम शरदापर्यंत चालतं. वाढत्या पिसाच्या देठात रक्त खेळत असतं. धक्का लागला तर पीस मोडतं. या दिवसांत पक्षी उपाशी राहिला, तर पिसावर आडवी कमजोर रेघ उमटते आणि पुढं ते तिथंच तुटतं. म्हणून पाळणारा त्याला शिकारीला नेत नाही. शांत खोलीत ठेवतो, पोटभर खाऊ घालतो. त्या खोलीलाही ‘म्यू’ म्हणू लागले. मला या शब्दाचा हाच अर्थ सगळ्यांत लोभस वाटतो, कारण त्यातलं कोंडणं पक्ष्याच्या भल्यासाठी आहे.

पुढं माणसांना कोंडण्यासाठीही हेच क्रियापद आलं, आणि त्यातली माया गेली. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ नाटकात तुरुंगातून सुटलेला हेस्टिंग्ज हळहळतो, की गरुड कोंडले जातात आणि घारी मोकळ्या फिरतात. गरुडांच्या कोंडण्याला त्यानं वापरलेला शब्द हाच.

राजाचे ससाणे चौदाव्या शतकापासून लंडनच्या चेरिंग क्रॉसला असत. त्या जागेचं नाव ‘म्यूज’, म्हणजे ‘म्यू’चं अनेकवचन. सोळाव्या शतकात तिथं राजाचे घोडे आले. पक्षी गेले, नाव मात्र राहिलं, आणि ‘म्यूज’ म्हणजे तबेला झाला. श्रीमंतांच्या घरांमागं तबेल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. खाली घोडे नि बग्ग्या, माडीवर गाडीवानाचं कुटुंब. मोटारी आल्यावर त्याच तबेल्यांची गॅरेजं झाली, पुढं राहती घरं.

चेरिंग क्रॉसच्या त्या जुन्या जागेवर आज नॅशनल गॅलरी आणि ट्रफाल्गर चौक आहे. ससाणे पाळणारे लोक मात्र पक्ष्याच्या निवाऱ्याला अजूनही ‘म्यूज’च म्हणतात.