शेवटची खेप लाकडांची

श्रोतेहो, नमस्कार.

आज २५ जून. मृग कसा गेला, आर्द्रा काय करणार, हीच चर्चा आज धुळ्यापासून रावेरपर्यंत प्रत्येक पारावर चालू असेल. कुणाची कपाशी चार पानांवर आली असेल, कुणाची सरकी अजून पिशवीतच असेल. मला मात्र आज एका जुन्या पावसाबद्दल बोलायचं आहे. २०१३ सालच्या. १६ आणि १७ जूनला केदारनाथवर जो कोसळला, वरचा चोराबारी तलाव फुटला, आणि मंदाकिनीने काठची वस्ती धुऊन नेली, तो पाऊस.

रस्ते गेले, पूल गेले, हजारो यात्रेकरू डोंगरात अडकले. वाट उरली ती फक्त आभाळातली. हवाई दलाने मोहीम हाती घेतली, तिचं नाव ऑपरेशन राहत. ठिकठिकाणची हेलिकॉप्टरं उत्तराखंडातल्या गौचरच्या धावपट्टीवर येऊन उतरली. त्यातलं एक होतं एमआय-१७ व्ही-५, पार बंगालमधल्या बराकपूरहून आलेलं. त्याचे कॅप्टन होते विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो. नाव पुन्हा सांगतो, कारण आपल्याकडे ते फारसं कुणी ऐकलेलं नाही. विंग कमांडर डॅरिल कॅस्टेलिनो. त्यांच्यासोबत फ्लाइट लेफ्टनंट तपन कपूर, मदुराईचा फ्लाइट लेफ्टनंट के. प्रवीण, ज्युनियर वॉरंट ऑफिसर ए. के. सिंग आणि सार्जंट सुधाकर यादव.

आठवडाभर या लोकांनी जिवंत माणसं खाली आणली. मग मेलेल्यांचा प्रश्न आला. केदारनाथला मृतदेह पडून होते, ओळख पटवायला कुणी नाही, आणि दहन करायला लाकूड नाही. साडेतीन हजार मीटर उंचीवर कुठलं लाकूड? ते खालून न्यायचं. रस्ता नाही, म्हणजे हेलिकॉप्टरमधून न्यायचं. लाकूड, तूप, दहनाचं सगळं सामान.

२५ जून २०१३, मंगळवार. कॅस्टेलिनोंचं हेलिकॉप्टर दहनाचं सामान घेऊन केदारनाथला गेलं. सामान उतरवलं. परत येताना गौरीकुंडाच्या वरच्या अंगाला, खराब हवेत, ते कोसळलं. आत वीस माणसं होती. पाच हवाई दलाची, बाकीचे एनडीआरएफचे, म्हणजे आपत्ती निवारण दलाचे, आणि आयटीबीपीचे, म्हणजे भारत-तिबेट सीमा पोलिसांचे जवान. त्या जवानांत आपल्या खानदेशातली पोरंही होती. वीसपैकी एकही वाचला नाही.

त्यांची शेवटची खेप लाकडांची होती, श्रोतेहो. आपल्याकडे कुणाच्या घरी माणूस गेलं की पाहुणे पोचायच्या आत भाऊबंद गाडी जुंपतात. कुणी सांगावं लागत नाही. कुणी बाभळीचं खोड देतो, कुणी गोवऱ्या देतो. ज्याने सरणाला लाकूड दिलं तो घरचा, असं आपण मानतो. आणि इथे कॅस्टेलिनो. ज्यांचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, अशा शेकडो माणसांच्या सरणाला त्यांनी लाकूड नेलं.

आता मी माझ्या मोठ्या मायचं सांगतो.

माझ्या थोरल्या काकांची बायको, आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव. काका वारल्यावर तिने चारधामचा ध्यास घेतला. गावातली अकरा माणसं निघाली, त्यात ती. वय सत्तरीच्या पुढे. बरोबर तांब्याचा एक लोटा, गंगाजलासाठी, आणि एका डब्यात दराब्याचे लाडू. गंगोत्री झाली, लोटा भरून झाळून घेतला, आणि बद्रीनाथला पोचले तोच पाऊस. खालचा रस्ता वाहून गेला. अकराच्या अकरा जण वर अडकले.

दहा दिवस. एका आश्रमात खिचडी मिळायची, झोपायला सतरंजी. फोन लागेना. इकडे गावात आम्ही टीव्हीसमोरून हलत नव्हतो. याद्या वाचायचो, नाव नाही दिसलं की पुन्हा पहिल्यापासून वाचायचो.

हेलिकॉप्टरसाठी रोज रांग लागायची. म्हातारी, आजारी माणसं आधी. तिचा नंबर लागला २७ तारखेला, म्हणजे त्या अपघातानंतर दोन दिवसांनी. अपघाताची बातमी रांगेत सगळ्यांना कळलेली. वीस माणसं गेली म्हणतात, तेही सैन्याची. धुकं जरा उघडलं, हेलिकॉप्टर उतरलं, पंखे फिरतायत, धूळ, खडे, कानठळ्या. आणि आमच्याच गावचे एक अण्णा मागे सरकले. म्हणाले, मी नाही बसत. मी चालत जाईन, महिना लागू दे. त्यांचं पाहून आणखी दोघं थबकली.

मोठी माय अंगाने मूठभर. तिने अण्णांचा सदरा धरला आणि ओरडून म्हणाली, "त्या पोरे रोज बठतस, भो. आपलाले एकच डाव बठानं शे." ती पोरं रोज बसतात, आपल्याला एकदाच बसायचंय. अण्णा बसले. सगळे बसले. हे मला अण्णांनी स्वतः सांगितलं. मोठी माय सांगणारी नव्हती.

दाराशी एक तरुण हवाई सैनिक उभा होता. "माताजी, सामान छोड़ दो." गाठोडं तिने लगेच टाकलं. लुगडी, घोंगडी, डोळ्यांच्या थेंबांची बाटली, सगळं. लोटा मात्र सोडेना.

इथे वजनाचं थोडं सांगतो. उंचावर हवा विरळ. पंख्याला धरायला हवा कमी, इंजिनलाही श्वास कमी. कन्नड घाट चढताना भरलेली गाडी कशी धापा टाकते ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तसंच. जे एमआय-१७ सपाटीवर तीसएक माणसं उचलतं, ते डोंगरात त्याहून पुष्कळ कमी उचलतं. म्हणून इंधनसुद्धा बेतानेच भरायचं. एक गाठोडं ठेवलं तर एक माणूस राहतो. एवढंच गणित.

तर लोटा. त्या पोराने लोटा हातात घेतला, झाळलेलं तोंड पाहिलं, आणि काय असावं ते त्याला कळलं. त्याने तो तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचे दोन्ही हात वर दाबून धरले, असा घट्ट धर म्हणून. तिने काय करावं? कनवटीला फडक्यात बांधलेला शेवटचा दराब्याचा लाडू काढला आणि त्याच्या खिशात कोंबला. आणि म्हणाली, "तुन्ही माय तुन्ही वाट देखत व्हई." त्या आवाजात त्याला शब्द ऐकू आला नसणार. आला तरी अहिराणी कळली नसती. पण तो हसला, असं ती सांगायची.

पुढचं उड्डाण तिने डोळे मिटून काढलं. उतरल्यावर मागे वळून पाहते तर तेच हेलिकॉप्टर पुन्हा वर निघालेलं. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख ब्राउन डोंगरात येऊन सांगून गेले होते की, शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत आमचे पंखे थांबणार नाहीत. थांबले नाहीत. अठरा हजारांहून अधिक माणसं हवाई दलाने खाली आणली. त्यातली अकरा आमची.

हल्ली आपल्याकडे लग्नात नवरी हेलिकॉप्टरने आणतात. मला ते मनापासून पटत नाही. त्या एका फेरीच्या पैशात गावच्या पोरांना धावायला मैदान होईल. पहाटे चार वाजता पारोळा रस्त्याने या, भरतीची तयारी करणारी पोरं अंधारात डांबरीवर धावताना दिसतील, शेजारून ट्रक जातात. यातूनच उद्याचे जवान निघणार आहेत. त्यांना साधं मैदान नसावं, याचं मला फार वाईट वाटतं. असो, विषय कॅस्टेलिनोंचा आहे.

मोठी माय घरी आली. मावंदं झालं, लोटा उघडला, गावभर गंगाजल वाटलं. त्या रात्री मी तिला वर्तमानपत्रातली वीस माणसांची बातमी पूर्ण वाचून दाखवली. ते लाकूड घेऊन गेले होते, हे तिला तोवर माहीत नव्हतं. ती किती तरी वेळ गप्प बसली. मग तिने मला कॅप्टनचं नाव पुन्हा वाचायला लावलं. ख्रिस्ती नाव, तिच्या जिभेला जड. "कस्टेलीन," म्हणाली. पुढे आयुष्यभर ती तसंच म्हणाली.

दुसऱ्या वर्षी जूनमध्ये, पावसाच्या आधी, तिने बांधावरची वाळलेली बाभूळ तोडायला लावली आणि गाडीभर लाकूड गावच्या स्मशानातल्या शेडमध्ये रचून ठेवलं. कुणी मेलं नव्हतं. मी विचारलं, कुणासाठी? "ज्याना कोनी नही, त्यानाकरता." पावसाळ्यात ओलं लाकूड पेटत नाही, गरिबाच्या घरी कोरडं सापडत नाही, आणि बेवारस माणसाला तर कुणीच देत नाही. म्हणून २५ जूनला गाडी. दर वर्षी.

मोठी माय आता नाही. तिच्या सरणाला त्याच शेडमधलं लाकूड लागलं. गाडी आता माझा चुलतभाऊ भरतो. आज सकाळी त्याचा फोन आला होता. आभाळ भरून आलंय, दुपारच्या आत रचून होईल, वरून ताडपत्री टाकतो, म्हणाला.

नमस्कार.